तिसऱ्या वर्षाचा बांबू

बांबूवर बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "कोवळा हाय. घाई न्हाय." सणसरला आमच्या शेजारी राहणारे तात्या रोज सकाळी हे काम मन लावून करत. असं कुणीतरी तुमच्याही गल्लीत असेलच.

परसात बांबूचं बेट त्यांनी लावलं ते पलीकडच्या आबांचं तोंड दिसू नये म्हणून. आबांच्या शेळीनं तात्यांची जास्वंद बुडख्यापर्यंत खाल्ली होती आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"भिंतच बांधा की," मी म्हणाले.

"भिंत घातली की भांडण हाय हे गावाला कळतं. बांबू लावला की हौस वाटती."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. तेव्हा बारामतीला वनस्पतिशास्त्र शिकत होते, म्हणून बांबूची जात निवडायचं काम माझ्याकडं आलं. मी भीत भीत वहीतलं वाचून दाखवलं की काटेरी बांबूचं कुंपण सगळ्यात दाट होतं.

"काटं नकोत," तात्या म्हणाले. "एवढं बी वैर न्हाय."

मग बिनकाट्याचा माणगा ठरला.

बांबू तिसऱ्या वर्षी पक्का होतो, हेही मीच सांगितलं. ते त्यांनी फारच मनावर घेतलं. दरवर्षीच्या नव्या बांबूंना वेगळ्या रंगाचा पट्टा. पाडव्याला गल्ली गुढीसाठी बांबू मागायला आली की सगळ्यांना एकच उत्तर, "कोवळा हाय." स्वतःची गुढीसुद्धा प्लास्टिकच्या पाइपवर. पाइप उन्हानं वाके आणि गुढी रस्त्याला नमस्कार करी.

"दारात बेट अन् गुढी पायपावर!" तात्यांची बायको, आमच्या काकू, करवादायच्या.

"घाई न्हाय."

पहिले बांबू बोटाएवढेच निघाले. बऱ्याच वर्षांनी पिवळ्या पट्ट्याचे दोन बांबू मनासारखे पक्के झाले. टकटक करून तात्या नुसते हसले. एक घरच्या गुढीला, एक मारुतीच्या देवळाला, असं त्यांनी महिनाभर आधी सगळ्या आळीला सांगून ठेवलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आबांची आई गेली. आबा बेटाच्या पलीकडं येऊन उभे राहिले. "तात्या, बांबू..." एवढंच म्हणाले. तिरडीला दोन लांब बांबू लागतात. तात्यांनी कोयता घेतला.

मी वेड्यासारखी बोलून गेले, "तात्या, उद्या पाडवा आहे."

"हाय की. पाइप कुठं गेलाय?"

दोन्ही बांबू त्यांनी स्वतः तोडले, साळले आणि आबांच्या हातात दिले. "पक्कं हायती. वाकायचं न्हायती."

आता तात्या आणि काकू मुलाकडं पुण्याला असतात. यंदा पाडव्याला मी गावी आले, तर बेटाजवळ आबा उभे होते. बांबू मागायला आलेल्यांना टकटक करून सांगत होते, "कोवळा हाय. एकच पक्का व्हता, तो गेला."

तो तात्यांच्या बंद दाराशी होता, निळ्या पट्ट्याचा, सरळ. वर गुढी.

"आणि तुमची गुढी, आबा?"

त्यांनी नुसतं मागं बोट दाखवलं. त्यांच्या दारात तात्यांचा तो जुना पाइप रस्त्याला नमस्कार करत उभा होता.