खारीक आजोबांची शेवटची भूमिका

माझ्या मुलीच्या सिनेमाचा नायक मी खाल्ला. नायिकाही खाल्ली. दोघंही साजूक तुपात होते आणि चवीला उत्तम होते.

कुणाचा माझ्याविषयी भलता समज होऊ नये म्हणून आधी सांगतो, मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतोय. (माझ्या चुका शोधायला घरी शोभा आहे. ती हे काम बिनपगारी करते.) आमची मुक्ता बारावीत गेली आणि एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, मला ॲनिमेशन शिकायचंय." माझा घास हातातच राहिला. ती इंजिनिअर होणार, हे मी ती सहा महिन्यांची असतानाच ठरवलेलं होतं. चार दिवस घरात अबोला झाला आणि शेवटी तह झाला. प्रवेशासाठी तिनं स्वतः एक छोटा सिनेमा करून पाठवायचा होता. निवड झाली तर तिचं खरं, नाही झाली तर मुकाट इंजिनिअरिंग.

सिनेमा म्हणजे वस्तू ठेवायची, फोटो काढायचा, वस्तू केसभर सरकवायची, परत फोटो काढायचा. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद सरतो. "हे रिकामटेकड्यांचं काम आहे," मी म्हणालो. तेव्हा मुक्तानं मला समोर बसवून या कलेच्या पूर्वजांच्या गोष्टी सांगितल्या. शंभर वर्षांपूर्वी परदेशात एका माणसाला भुंग्यांची झुंज चित्रित करायची होती, पण दिवे लावले की भुंगे निपचित पडायचे. मग त्यानं मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय लावले आणि एकेक फोटो घेत त्यांना लढवलं. बघणाऱ्यांना वाटलं, ह्यानं जिवंत भुंग्यांना शिकवलंय! आणि आपल्याकडं सिनेमा आणणारा मराठी माणूस? त्यानं आधी कुंडीत वाटाणा लावला, रोज त्याचे फोटो घेतले आणि पडद्यावर रोप सरसर वाढवून दाखवलं. रोज ठरल्या वेळी न कंटाळता कुंडीसमोर बसणारा माणूस! अरे, हा तर आमच्याच खात्यातला, असं मला वाटलं आणि मी घसरलो.

नुसता घसरलो नाही, पार वाहवत गेलो. कारखान्याच्या बसमध्ये मी रोज भुंग्यांची आणि मुक्ताकडून ऐकलेली एकेक नवी गोष्ट सांगू लागलो. पंधरा दिवसांत माझ्या शेजारची सीट कायमची रिकामी झाली.

मुक्तालाही भुंगेच हवे होते. शोभानं एका वाक्यात विषय संपवला. "एक जरी किडा घरात आला तर मी माहेरी जाईन, मग बसा दोघं त्यालाच भाकरी करून घालत." तेव्हा खारीक सुचवली ती मी. तपकिरी, सुरकुतलेली, पाठीवर चमक असलेली. तारेचे पाय लावले की झालाच भुंगा. शहागंजातून पाव किलो खारका आणि थोडे बदाम आणले. एकूणएक खारीक मी व्हर्नियर कॅलिपरनं मोजली आणि गालावर तीन सुरेख सुरकुत्या असलेली एक निवडली. ते आमचे खारीक आजोबा. डिंकानं दोन मोहऱ्या चिकटवून त्यांना डोळे केले. एक बदाम झाला त्यांची लेक. आजोबा लेकीला भेटायला निघतात, वाटेत मांजर आडवं येतं, गाडी चुकते आणि शेवटी मुकुंदवाडी स्टेशनावर दोघांची भेट होते, अशी साधी गोष्ट. हॉलमधल्या टीपॉयवर पुठ्ठ्याचं मुकुंदवाडी स्टेशन उभं राहिलं. त्यावर मी सहीनिशी पाटी लावली, 'हात लावू नये.'

तीन आठवडे टीपॉयपुढं वाकून माझी कंबर धरली. गावाहून आईचा फोन आला तेव्हा मी कण्हतच बोललो.

"कामून कण्हतो रे सुधा?"

"कंबर धरलीय, आई. खारकांचे फोटो काढून काढून."



"खारका हायत व्हय घरात?"

"हायत की, पाव किलो. बदाम पण हायत."

"बरं झालं. डिंक म्या आणते. शनिवारी येते."

हे संभाषण मला आजही शब्दन् शब्द आठवतं. त्यात मला काहीही वावगं वाटलं नव्हतं, हे क्वालिटी इन्स्पेक्टरनं नमूद करून ठेवण्यासारखं आहे.

शनिवारी माझी पहिली पाळी होती, मुक्ता कॉलेजात आणि शोभा तिच्या शाळेत होती. आईसाठी किल्ली शेजारी ठेवली होती. सिनेमातला फक्त भेटीचा प्रसंग राहिला होता. तो रविवारी सकाळी करायचा आणि संध्याकाळी सहाच्या आत सिनेमा पाठवायचा, असं ठरलं होतं. मी चार वाजता घरी आलो तेव्हा जिन्यापर्यंत तुपाचा वास दरवळत होता. आईनं मला थेट स्वयंपाकघरात बसवलं आणि बशीत दोन डिंकाचे लाडू ठेवले. पहिला गेला तो कळलाच नाही. दुसऱ्याच्या अर्ध्यात दाताखाली काहीतरी कचकन फुटलं आणि जीभ कडवटली.

"आई, लाडवात मोहरी?"

"राहिली व्हय एखादी? निवडल्या व्हत्या रे म्या. त्या खारकेला चिकटल्या व्हत्या."

माझा जबडा थांबला.

"कोणत्या खारकेला?"

"आता कोणत्या म्हणून काय सांगू? बाहेरच्या टेबलावर व्हती ती. लई बेकार दुकानदार हाय तुझा. खारकेत तारा टोचून देतो. म्या समद्या काढून ठिवल्या, बघ. त्याला दाखव नेऊन."

ओट्यावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर सहा तारा ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. मी कंबर विसरून हॉलकडं धावलो. स्टेशन जागेवर होतं, पाटी जागेवर होती. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. राखीव खारकांचा डबासुद्धा धुवून पालथा घातलेला होता. मी खुर्चीत बसलो. तोंडात अजून नायकाचा अर्धा घास होता. तो गिळावा की थुंकावा, हे मला कळेना. (गिळला. लाडू झाला होता छान.)

"पाटी वाचली नाहीस का, आई?"

"वाचली की. मला वाटलं, पाव्हण्यांसाठी हाय."

पाच वाजता मुक्ता आली, पाठोपाठ शोभा. मी सगळं एका दमात सांगितलं. तिनं आधी टीपॉयकडं बघितलं, मग तारांकडं आणि मग माझ्या पोटाकडं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मुद्दाम केलंत?"

अट माझीच होती. सिनेमा बुडाला तर जिंकणार मीच होतो. घरातल्या कुणालाही हाच संशय आला असता, आणि शोभालाही आलेला तिच्या तोंडावर दिसत होता. त्या पोरीबरोबर वाकून काढलेले ते तीन आठवडे मला माझ्या आख्ख्या नोकरीपेक्षा जास्त आवडले होते, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. आणि तेव्हाही माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "चल, दुसरी खारीक आणतो."

शहागंजातल्या दुकानात मी मोबाइलवर आजोबांचा फोटो लावून एकेक खारीक शेजारी धरून बघू लागलो. दुकानदार बराच वेळ बघत राहिला.

"साब, खानेकी चीज हय. शकल काहेको देखते?"

"गालावर तीन सुरकुत्या पाहिजेत."

"हौ, समझा. रिश्ता देखरे क्या?"

चौदा खारका घेऊन मी परतलो. मुक्तानं त्या ओळीनं मांडल्या, फोटोशी ताडून पाहिल्या आणि मान हलवली. "हा वेगळाच माणूस आहे, बाबा. जुने लोक एकेका बाहुलीची ढीगभर डोकी करून ठेवायचे. आपलं एकच होतं, ते तुम्ही खाल्लंत." त्या रात्री कुणी जेवलं नाही. मीही नाही, पण माझ्या उपासाला कुणी मान दिला नाही.

रविवारी सकाळी आई चहा घेऊन टीपॉयपाशी बसली. मुक्तानं तिला आतापर्यंतचा सिनेमा दाखवला. आई हरखून गेली. गाडी चुकली तेव्हा तिनं पदर डोळ्याला लावला. मग सिनेमा तिथंच थांबला.

"अगं, मग भेटली का नाय लेक त्याला?"

"कशी भेटणार, आजी? तू दोघांचा लाडू केलास."

आईनं लाडवांच्या डब्याकडं बघितलं. "मग भेटलीच की. एकाच लाडवात हायत दोघं."

मुक्ता ताडकन उठली. इतका वेळ मेलेला तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं डब्यातून एक लाडू काढला, त्याला दोन मोहऱ्या लावल्या आणि फलाटावर ठेवला. मग माझ्याकडं वळली.

"बाबा, एका माणसानं जिवंत माणसांनाच बाहुल्यांसारखं सरकवून सिनेमा केला होता. आठवतंय?"

आठवत होतं. आख्ख्या बसला मीच सांगितलं होतं. आता लाडू खाणारा राक्षस मी होणार होतो.

सकाळी नऊपासून मी टीपॉयच्या मागं गुडघ्यांवर होतो. स्टेशनच्या छपरावरून आधी माझं टक्कल उगवलं, मग डोळे, मग मिशा. प्रत्येक फोटोला केसभर वर. "श्वास सोडू नका बाबा, पोट हलतंय." मग तोंड उघडायचं, तेही केसाकेसानं. शोभा पट्टी घेऊन जबडा मोजत होती. (इतक्या आनंदात मी तिला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.) लाडू जिभेवर आला तेव्हा कंबरेतून कळ निघाली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आई चोळायला धावली, तर मुक्ता ओरडली, "आजी, हात लावू नये!" एक घास खायला मला साडेचार तास लागले. त्यातच, तोंडात लाडू असताना, मी तिला सांगून टाकलं की मी मुद्दाम नव्हतं केलं आणि हे तीन आठवडे फार चांगले गेले. माझ्या तोंडून नुसतं 'आ ऊ आ' निघालं असणार. पण ती कॅमेऱ्यामागून म्हणाली, "कळलं बाबा. आता तोंड मिटू नका."

पावणेसहाला सिनेमा गेला.

निवड झाली. त्याआधीच्या मुलाखतीला मुक्ता एकटीच गेली होती. बाहेर आल्या आल्या तिनं फोन केला तेव्हा मी बसमध्ये होतो.

"सगळ्यांना शेवटचा राक्षस फार आवडला, बाबा. म्हणाले, बाहुली अगदी जिवंत वाटते. फक्त पोटाचं प्रमाण चुकलंय, खऱ्या माणसाचं एवढं नसतं."

"बरं," मी म्हणालो. "अजून काय विचारलं?"

"विचारलं, ही बाहुली बनवलीस कशापासून?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, घरातच पडून होती, सर. टाकाऊपासून टिकाऊ केली."