फ्लेक्सवरची चार बोटं

करोनाचा तो पहिला उन्हाळा. बायको नर्स, तिला इंदापूरला कोविड सेंटरवर टाकलं. तितंच राहायचं, तितंच जेवायचं, बारामतीला घरी यायचं नाही. जाताना तिनं मला तीनदा बजावलं, आळीत कुणी विचारलं तर डाळजला माहेरी गेलीय म्हणून सांगा. एवढं सोपं काम. चौथ्या दिवशी समोरच्या काकूंनी ओट्यावरून सहज विचारलं, मंडळी दिसत नाहीत हो तुमची. आणि मी छाती पुढं काढून सांगून टाकलं की कोविड वॉर्डात ड्यूटी आहे. वर त्या पीपीई किटचं असं वर्णन केलं, जणू ते मीच अंगात घालून उकडत होतो.

काकूंनी पदर नाकाला लावला आणि आत गेल्या. दार लावल्याचा आवाज मी ऐकला, पण त्याचा अर्थ कळायला मला संध्याकाळ लागली.

आमची पोरगी आठ वर्षांची. तीन वर्षं ती शाळा सुटली की काकूंकडंच जायची. बायको दवाखान्यात, मी एमआयडीसीतल्या दुधाच्या प्लांटवर, आणि पोरगी काकूंच्या स्वयंपाकघरात लाटणं घेऊन बसलेली. त्या संध्याकाळी काकू खिडकीतूनच म्हणाल्या, सध्या पोरीला पाठवू नका, आमच्या ह्यांना शुगर आहे. मी समजावून बघितलं, की पोरगी आईला फक्त मोबाईलवर बघते, आणि व्हिडिओ कॉलमधून करोना येत नाही. ते काकूंना पटलंसुद्धा. "तुमचं खरं हाय ओ," त्या म्हणाल्या, "पण आळी काय म्हणंल?" ही जी आळी म्हणून होती, ती म्हणजे काकूच होत्या, आणि काकूंसारखीच आणखी दहा घरं. दोनच महिन्यांपूर्वी नर्सबायांसाठी सगळ्यांनी गच्चीत उभं राहून थाळ्या बडवल्या होत्या. आमच्या शेजारच्यांची तर परात चेपली होती.

तर असा मी, बायको जिवंत असून, एकटा बाप झालो. रोज हजारो लिटर दूध तापताना बघणारा माणूस, पण घरी अर्धा लिटर सांभाळता येईना. पोरीची वेणी मी पिशवीचं तोंड बांधतात तशी घालायचो. ती आरशात बघायची आणि दयेनं काही बोलायची नाही. हे सगळं चाललं असतं. पण शिफ्टला जाताना पोरीला ठेवायचं कुठं? डाळजला सासूबाईंना दमा, आणि गावानं रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून येणंजाणं बंद केलेलं. सुट्टी मागितली, तर मॅनेजर म्हणाला, "गाई काय लॉकडाऊन पाळत न्हायत, राव." माझं काम कंत्राटी. मी नाही गेलो, तर माझ्या जागी उभा राहायला दुसरा तयारच होता.

मग मी काय केलं? सकाळी सहाला गॅस खालून बंद केला, पोळी आणि गूळ ताटाखाली झाकला, जुना मोबाईल चार्जिंगला लावला, आणि पोरीला आत ठेवून बाहेरून कुलूप घातलं. तीन वाजता येऊन उघडलं. असं रोज. गाडी वळेपर्यंत खिडकीत तिचं तोंड दिसायचं. आळीतली पोरं ओट्यांवर खेळायची, आणि त्यातलं एखादं आमच्या खिडकीपाशी गेलं की कुठल्यातरी दारातून हाक यायची. बायकोचा फोन यायचा संध्याकाळी, ते किट उतरवल्यावर. आवाज असा यायचा, की पुढं काही विचारायची हिंमत होऊ नये. मी सांगायचो, पोरगी काकूंकडं मजेत आहे. पोरीलाही तसंच बोलायला शिकवलं. तिला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं.

दुकानं जरा उघडली तसा एका दुपारी मंडळाचा अध्यक्ष दारात आला. मास्क हनुवटीला, मागं दोन कार्यकर्ते. आळीच्या वतीनं कोविड योद्ध्यांचा फ्लेक्स लावायचा म्हणे, तर वहिनींचा एक फोटो हवा, पांढऱ्या कपड्यातला असेल तर लई बेस. मी नुकतंच कुलूप काढलेलं, किल्ली हातातच होती. फोटो देत नाही म्हणालो. त्याला वाटलं, मी लाजतोय.

चार दिवसांनी प्लांटवरून येतो तर आळीच्या तोंडाशी दोन खांबांना फ्लेक्स ताणलेला. 'आमच्या आळीचा अभिमान.' अध्यक्षाचा गॉगलवाला चेहरा कलिंगडाएवढा, आणि कोपऱ्यात लिंबाएवढी माझी बायको. फोटो तिच्या व्हॉट्सअॅपवरून उचललेला. भिगवणला पक्षी बघायला गेलो होतो, तेव्हा मीच तो काढलेला. मूळ फोटोत पोरगी मागून आईच्या गळ्यात पडलेली आहे. यांनी पोरगी कापून टाकली होती. गळ्यावरची तिची चार बोटं तेवढी राहून गेली होती.

मी घरी आलो, कुलूप काढलं, भाजी कापायची सुरी आणि स्टूल घेऊन परत फ्लेक्सखाली गेलो. पोरगी मागोमाग आली. वर बघून म्हणाली, "पप्पा, ही माझी बोटं हायत."

त्यापुढं मला आळी दिसेना. सुरीनं नायलॉनची दोरी तुटत नाही, ही गोष्ट मी स्टुलावर चढून, सगळे बघत असताना शिकलो. पोरगी खाली स्टूल धरून उभी, आणि मी कांदा चिरल्यासारखा दोरीवर सुरी ओढतोय. अध्यक्ष धावत आला. "भाऊ, आवं मान हाय हा वहिनींचा."

"मग मान तुमच्या घरी घिऊन जा," मी म्हणालो. "ही हितं उभी हाय. आठ वर्षांची हाय, तिखट खात न्हाय. सकाळी सहाला आणून सोडतो, तीनला नेतो. बोला."

तो काकूंकडं बघायला लागला, काकू त्यांच्या यजमानांकडं, आणि यजमान आभाळाकडं. हात कुणाचाच वर झाला नाही. शेवटी दोरीची गाठ मी नखांनी सोडवली आणि फ्लेक्स गुंडाळून काखेत मारला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. माझ्या अंगात आलेलं. अध्यक्षाला काय बोललो, कसा बोललो, त्यात न बोललेलंही थोडं घालून, सगळं सांगितलं. आणि त्याच भरात म्हणून गेलो, "पोरगी महिनाभर कुलपात हाय, आन् हे अभिमान लावतायत."

ती रडली नाही. वॉर्डात सूचना देते त्या आवाजात म्हणाली, "उद्यापास्नं बाहेरनं कुलूप लावू नका. तिला आतनं कडी काढाय-घालाय शिकवा. आत काय झालं, तर ते कुलूप तोडाय आळीतलं कुणी यायचं न्हाय."