दोन्ही पंखे आतल्या बाजूला

आमचे अप्पा हुमनाबादजवळच्या एका दाळमिलमध्ये हमाली करतात. मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा त्यांनी मिलच्या मालकांना, सावकारांना सांगून टाकलं, "काट्यावरचा कम्प्युटर आमची पोरगी साफ करंल. तेच शिकायलीय ती." घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कम्प्युटरचा डबा उघडलेला मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. पण अप्पांना ते सांगायचं धाडस झालं नाही.

तुरीचा हंगाम होता. वजनकाट्याच्या खोलीत टेबलाखाली तो डबा होता. एक पंखा पुढे, एक मागे, आणि दोन्हींवर तुरीच्या कोंड्याचा जाड थर. मी दोन्ही पंखे काढले, रंगाच्या ब्रशने झाडले, ओल्या फडक्याने पुसले. बसवायच्या वेळी लक्षात आलं की कुठलं तोंड कुठे होतं, ते मी पाहूनच ठेवलं नव्हतं.

आमच्याकडे तापलेल्या कशालाही वारा घालतात. चहा बशीत ओतून फुंकायचा, ताप आलेल्या लेकराला पदराने वारा घालायचा. मी तसाच विचार केला आणि दोन्ही पंखे आत वारा घालतील असे बसवले. कम्प्युटर सुरू झाला. काट्यावर वजनं लिहिणारे मुनीमअण्णा म्हणाले, "इंजिनेर अक्का, आता आमच्या मिक्सरचं बी बघा."

दोन ट्रॅक्टरांची वजनं झाली. मग पंखे मोठमोठ्याने घोंघावू लागले आणि तिसऱ्या ट्रॅक्टरला पडदा काळा झाला. परत सुरू केला, परत बंद. मी डब्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती.

"कामून बंद पडायलाय ओ?" मुनीमअण्णांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

आत काहीतरी जळलं असेल, सावकार अप्पांनाच बोलतील, हंगामाच्या मधेच त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणतील, एवढंच डोक्यात फिरत होतं. पळून जावं असंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

कुणीतरी अप्पांना बोलावलं. अंगभर कोंडा घेऊन ते दारात आले. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"वारा कुटून येतो आन् कुटं जातो?"

"दोन्हीकडून आत येतोय."

"मग भाईर कुटून जायचा? दोन्हीकडून वारा सोडला तर कोंडा तितंच गरगर फिरतो बाई." मिलमध्ये दाळीतून कोंडा उडवणारा मोठा पंखा अप्पाच सांभाळतात. त्यांनी देवाच्या फोटोपुढची पेटती उदबत्ती उचलली, कम्प्युटर चालू करायला सांगितला आणि ती डब्याच्या मागे धरली. धूर सरळ आत ओढला गेला. "हे बघ. आत जायलाय."

मी कम्प्युटर बंद करून मागचा पंखा काढला. एक स्क्रू दोनदा खाली पडला. पंखा उलटा करून बसवला. यावेळी उदबत्तीचा धूर बाहेर ढकलला गेला. मुनीमअण्णांनी एकेक ट्रॅक्टर आत घेतला आणि प्रत्येक वजनाला मी पडद्याकडे पाहत राहिले.

"अप्पा, सावकारांना सांगू नका."

"सांगावं लागतंय. दुसऱ्याकडून कळलं तर काय इज्जत राहील?"

ते समोरच्या ऑफिसात गेले. खिडकीतून ते दिसत होते, हात पुढे बांधून उभे. सावकार काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. एकदा सावकारांनी माझ्या दिशेने बोट केलं आणि मी खिडकीपासून मागे सरले.

अप्पा परत आले. टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "रविवारी ऑफिसातला बी साफ कर म्हनले."

मी व्हय म्हणाले. त्या कम्प्युटरला किती पंखे आहेत, हे विचारायची मात्र हिंमत झाली नाही.