रणपिसे साहेबांची बस

वारज्यातल्या सोसायटीत दशरथ रणपिसे यांना सगळे ‘साहेब’च म्हणत. बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कुठे रस्त्याचा उतार चुकलेला दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. “इथे पाणी साठणार बघ,” असं ते म्हणाले की कांताबाई म्हणत, “अहो, रिटायर झालात ना? मग साठू द्या की.”

रस्त्यांवरच्या या प्रेमाला कारण होतं. ते लहान असताना गावात डांबरी रस्ता आला, पण चावडीपाशी येऊन थांबला. पुढे ओढा, आणि ओढ्यापलीकडे त्यांची वस्ती. एका पावसाळ्यात त्यांची आई बाळंतपणात अडली. चौघांनी तिला झोळीत घालून गुडघाभर चिखलातून चावडीपर्यंत नेलं. आई वाचली, बाळ वाचलं नाही. दशरथ तिच्या चपला हातात घेऊन मागून धावत होता. हे त्यांनी कांताबाईंखेरीज कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीत मात्र नवा रस्ता आखायला गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “या गावातलं शेवटचं घर कुठलं?”

म्हणून मुलगी अक्षता जेव्हा म्हणाली, “पप्पा, टेकडीवरून तो नवा रस्ता होता कामा नये,” तेव्हा त्यांना ते लागलं. अक्षता कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. जवळची टेकडी फोडून पलीकडे काढायच्या रस्त्याविरुद्ध ती लोकांच्या सह्या गोळा करत होती.

“रस्ता नको म्हणणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय,” ते म्हणाले. “आणि त्यातलं एक माझ्याच घरात निघालं.”

त्यावर पंधरा दिवस बापलेकीत ‘चहा घेणार का’ यापलीकडे बोलणं नव्हतं.

मग डोळ्यांचं निघालं. दशरथरावांना काचबिंदू झाला होता. समोरचं दिसत होतं, पण कडेचं दिसणं हळूहळू विझलं होतं आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, “औषधांनी उरलेली नजर टिकेल. पण स्कूटर आजपासून बंद.”

दशरथराव घरी आले, किल्ली कांताबाईंच्या हातात दिली आणि बाल्कनीत जाऊन बसले. जेवायलासुद्धा उठले नाहीत. शेवटी अक्षता ताट घेऊन बाहेर गेली. “पुढच्या तपासणीला मी येते तुमच्याबरोबर,” ती म्हणाली. “बसने जाऊ.”

“बसने?” त्यांनी असं विचारलं, जणू तिने त्यांना बैलगाडीत बसवायचं ठरवलं होतं.

बसस्टॉप हमरस्त्याच्या पलीकडे होता. स्कूटरवरून त्यांनी हा रस्ता हजारदा पार केला असेल, आणि त्याची रुंदी बघून दरवेळी त्यांना बरं वाटलं होतं. आज तपासणीला जाताना तीच रुंदी पायी ओलांडायची होती. डावीकडची मोटार त्यांना दिसलीच नाही. अक्षताने दंड धरून मागे ओढलं. मोटारवाला काहीतरी ओरडून निघून गेला. दशरथरावांनी मुलीचा हात घट्ट धरला, ती लहान असताना शाळेत जाताना त्यांचं बोट धरायची, तितका घट्ट. पलीकडे पोचल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. अक्षताला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण तिने फक्त त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

स्टॉपला सावली नव्हती. बस किती तरी वेळाने आली, ती लोंबकळती माणसं घेऊन. आत एका बाईने उठून त्यांना जागा दिली. कौशल्या तिचं नाव, कोथरूडला चार घरी स्वयंपाक करायची.

“रोज अशीच गर्दी असते?” त्यांनी विचारलं.

“आज तर बरीय की, साहेब. आज बस आली.”

दशरथरावांना हसू आलं आणि मग ते खिडकीबाहेर बघू लागले. एकेका मोटारीत एकेकच माणूस बसलेला होता.

महिन्याभराने टेकडीवरच्या रस्त्याबद्दल चर्चा करायला परिसरातल्या लोकांची सभा ठरली. सोसायटीचे अध्यक्ष दिगंबरपंत घरी आले. “साहेब, रस्त्याच्या बाजूने तुम्हीच बोलायचं. तुमच्या शब्दाला वजन आहे.” विरोधात अक्षता बोलणार होती. कांताबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “रात्री एकाच टेबलावर जेवणार आहात ना? का पानं वेगळी मांडू?”

सभेच्या दिवशी सकाळी दशरथराव आपणहून म्हणाले, “अक्षता, मला तुझी टेकडी दाखव.” हात धरून ती त्यांना वर घेऊन गेली. जे कडेला होतं ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ती थांबून त्यांचा चेहरा हळूच तिकडे वळवायची. हे गणेराचं झाड, ही हिवराची रोपं, हा मुरलेल्या पाण्याचा ओलावा. एका दगडावर ते टेकले, आणि तिथेच त्यांनी लेकीला झोळीची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर अक्षता त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून बसून राहिली.

संध्याकाळी सभेत दशरथराव उठले. “मला कुठलाच रस्ता वाईट म्हणता येत नाही,” ते म्हणाले. दिगंबरपंतांनी मान डोलावली. “पण पायी चालणारा माणूस पोचावा म्हणून मी रस्ते बांधले. या नव्या रस्त्याच्या नकाशात फुटपाथ नाही, बसला जागा नाही. आधी बस वाढवा, रस्ता ओलांडायची सोय करा. चार-पाच वर्षं चालवून बघा. तरीही अडलं, तर मी स्वतः मोजणीला येईन. टेकडी कुठे पळून जात नाही. पण एकदा फोडली, तर ती मला परत बांधता येणार नाही.”

“साहेब, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?” दिगंबरपंत वैतागले.

“मी हल्ली बसस्टॉपवर असतो. तुम्हीही या, मग बाजू ठरवू.”

लोक हसले. अक्षताची पाळी आली तेव्हा तिने लिहून आणलेले कागद पर्समध्येच ठेवले. “ज्या घरापर्यंत रस्ता पोचलेलाच नाही, तिथे तो आधी गेला पाहिजे,” ती म्हणाली. “हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. बाकी पप्पा बोललेच आहेत.”

टेकडीवरच्या रस्त्याचा निर्णय अजून झालेला नाही. कधी होणार म्हणतात, कधी नाही म्हणतात. पण सभेनंतर लोक चिकाटीने मागे लागले, आणि एक छोटी बस आतल्या रस्त्याने सुरू झाली. ती सोसायटीच्या दारातून जाते. दशरथराव आता तपासणीला एकटेच जातात.

परवा त्यांना यायला उशीर झाला. अक्षताने काळजीने फोन केला, “पप्पा, कुठे आहात?”

“बसमध्येच आहे. आपला स्टॉप मागे गेला.”

“दिसला नाही का?”

“दिसला की. पण खिडकीची जागा मिळालीय आणि वारा छान येतोय. शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन येतो. आईला सांग, भाकरी मी आल्यावरच टाक.”