थांबा, मुद्दा सुटला

बोलणाऱ्याला वाक्याच्या मध्यावर अडवून त्याची चूक त्याच्या ओंजळीत ठेवणारा असा माणूस अख्ख्या नाशिकरोडला दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर त्या दोघांनी मिळून गाव रिकामं केलं असतं. आमचे वरच्या मजल्यावरचे काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. तिथे काही बिघडलं की दहा अलार्म एकदम कोकलतात आणि त्यातला खरा कुठला ते शोधावं लागतं, असं ते सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी हेच काम माणसांवर सुरू केलं. समोरच्याचं बोलणं घसरलं की त्यांचं उजवं बोट वर जाई आणि ते म्हणत, "थांबा, मुद्दा सुटला."

मेथीवाली म्हणाली, सकाळपासून सगळे हीच नेतायत. सगळे नेतात म्हणून जुडी ताजी ठरत नाही, हे तिला नीट समजावून काका तीच जुडी घेऊन आले. डॉक्टरांनी सिगारेट सोडायला सांगितली, तेव्हा 'तुम्हीही ओढताच की' म्हणून तावातावाने बाहेर पडले, आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. डॉक्टर ओढतात म्हणून त्यांचा सल्ला खोटा ठरत नाही, एवढं सांगायला पुन्हा रांगेत बसले. एकदा काकू म्हणाल्या, इगतपुरीच्या लग्नाला चला, नाहीतर मी तुमच्याशी बोलणार नाही. दोनच पर्याय कशावरून, असं काकांनी विचारलं. तिसरा निघाला. दोघं लग्नाला गेले आणि काकू तरीही आठवडाभर बोलल्या नाहीत.

मी मालेगावहून नोकरीसाठी आलो, तेव्हा नाव सांगेपर्यंत रिकामी असलेली खोली नाव सांगताच भाड्याने गेलेली असे. काकांच्या बिल्डिंगमधल्या घरमालकीणबाई तयार होत्या, पण शेजाऱ्यांना विचारते म्हणाल्या. पार्किंगमध्ये बैठक बसली आणि मी बॅग घेऊन जिन्यापाशी उभा राहिलो. इथेही नाही म्हणाले असते तर मी नोकरी सोडून घरी जाणार होतो. एक गृहस्थ म्हणाले, आज हा आला, उद्या अख्खा मोहल्ला येईल. बोट वर गेलं. खोलीत एक खाट मावते, मोहल्ला कुठे निजणार, असं काकांनी विचारलं. मी खूश झालो. मग शेजारच्या शिक्षिकाबाईंना माझी दया आली. बिचाऱ्याच्या अब्बांचे यंत्रमाग बंद पडलेत, द्या हो त्याला, असं त्या म्हणाल्या. पुन्हा बोट. गरिबीचा इथे संबंध नाही म्हणे. मराठी किती छान बोलतो, असं बाई म्हणाल्या. त्याचाही नाही. माझी बाजू घेणारं एकुलतं एक तोंड काका बंद करत होते. या अल्ला, या माणसाला गप्प बसव, असं मी मनापासून म्हटलं.

शेवटी घरमालकीणबाई वैतागल्या. "अहो, मग देऊ की नको?"

"खोली रिकामी आहे आणि त्याला राहायचंय," काका म्हणाले. "नाही म्हणायला कारण लागतं. ते अजून कुणी सांगितलेलं नाही."

मला किल्ली मिळाली. त्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो, रोज संध्याकाळी काकांकडून दोन-चार चुका काढून घेतल्या, आणि खरं सांगतो, तसं सुख मला स्वतःच्या फ्लॅटमध्येही मिळालं नाही.

आता काका पुण्याला मुलीकडे असतात. बरंच विसरतात. मी फोनवर मुद्दाम आचरटासारखं बोलतो, मी छत्री घेतली म्हणूनच यंदा धरण भरलं वगैरे, आणि त्यांनी अडवायची वाट पाहतो. ते म्हणतात, बरोबर आहे तुझं. फार वाईट वाटतं. गेल्या रविवारी त्यांनी मध्येच विचारलं, "तुला खोली मिळाली का रे?"

"मिळाली काका. तुमच्यामुळे."

मग म्हणाले, "बरं झालं. मी फार घाबरलो होतो त्या दिवशी."