पोपड्यांची ऑर्डर

माझ्या हातचा रंग आरशासारखा असतो, असं घाटंजीत सगळे म्हणायचे. मी कधी नाही म्हटलं नाही, कारण ते खरंच होतं. मी रंगवलेल्या कपाटासमोर उभे राहून लोक भांग पाडायचे. ब्रशचा एक केस रंगात अडकलेला दिसला तर मी अख्खा दरवाजा घासून काढायचो आणि दिवसभर बायकोशी बोलायचो नाही, जसा काही तो केस तिचाच होता.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव नसला की लग्नं पुढे जातात, लग्नं पुढे गेली की कपाटं होत नाहीत, आणि कपाटं झाली नाहीत की माझ्यासारखा माणूस दुकानात बसून स्वतःचं स्टूल चौथ्यांदा रंगवतो. नागपूरहून साडूचे फोन येत होते. त्याचा लोखंडी कपाटांचा कारखाना होता आणि तिथे मशीनने रंगाचा फवारा मारायला माणूस हवा होता. फवारा! ज्याने आयुष्यभर ब्रश धरला त्याला हे सांगणं म्हणजे आचाऱ्याला चहा गरम करायला ठेवण्यासारखं. पण दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर शटर ओढून जावं लागणार, हे मलाही कळत होतं आणि बायकोलाही.

अशात पुण्याची एक बाई आली. कापसातून सरकी काढणारी गावची जिनिंग दोन हंगामांपासून बंद होती आणि मालकाने ऑफिसातलं लाकडी सामान विकायला काढलं होतं. मुनीमजीचं टेबल, दोन कपाटं, एक लांब बाकडं, चार खुर्च्या. सगळ्यांचा हिरवा रंग उडालेला, कोपरे घासलेले, जागोजागी पोपडे. बाईने सगळं घेतलं, माझ्या दुकानात टाकलं, डुगडुगणारे पाय नीट करायला सांगितले आणि जाता जाता म्हणाली, "बाकी फिनिशिंग तुम्ही बघा."

फिनिशिंग म्हटल्यावर मी कुठे थांबतो? पंधरा दिवस मी आणि पॉलिश पेपर. तीस वर्षांचा रंग लाकडापर्यंत घासून काढला, भेगांत लांबी भरली, प्रायमर मारला, वर ऑइल पेंटचे तीन हात दिले. दुकानात अंधार असला तरी ते टेबल चमकायचं.

बाई आली, डोळ्यांवरचा गॉगल काढला आणि माझ्या पायरीवर मटकन बसली.

"अहो मिस्त्री, हे काय करून बसलात! पोपडे कुठे गेले?"

"काढले ना, मॅडम. एक पण ठेवला नाही."

"मला पोपडेच तर हवे होते!"

मला वाटलं, उन्हाने झालं असेल. मी पाणी दिलं. तिने पर्समधून एक मासिक काढून फोटो दाखवला. पांढरं कपाट, त्यातून खालचा निळा रंग डोकावतोय, कडा खरवडलेल्या, अंगावर मार बसल्याच्या खुणा. आमच्याकडे असं कपाट असलेल्या घरात लोक मुलगी देत नाहीत. पुण्यात म्हणे अशा वस्तूंचं दुकानच ती काढत होती. तीन आठवड्यांत पोपडे परत आणा, नाहीतर यातलं काहीही मी नेणार नाही, असं बजावून ती गेली.

त्या दिवशी मी नमाजानंतर बराच वेळ बसून राहिलो. काय मागावं ते सुचेना.

पण डोकं लावलं. आधी निळ्याचा हात द्यायचा, वाळला की कडांवर मेणबत्ती घासायची, वरून पांढरा मारायचा आणि मग पत्तीने खरवडायचं. मेणावर रंग धरत नाही, सालपटं निघतात. मार बसल्याच्या खुणांसाठी सायकलची जुनी चेन आणली. दुकानासमोर टेबल ठेवलं, डोळे मिटले आणि हाणली. माझ्या हाताने, माझ्याच रंगावर! डोळ्यांत पाणी आलं ते खोटं नव्हतं.

समोरून जाणारा एक जण थांबला. "मिस्त्री, काहून मारून राह्यले हो त्याले?"

"जुनं करून राह्यलो."

"पण ते त जुनंच होतं."

"जुनंच होतं. मी नवं केलं. आता पुन्हा जुनं करून राह्यलो."

तो पाय उचलत निघून गेला. त्या दिवसांत आमच्या भागात कापसापायी किती जणांनी जीव दिला ते मी सांगायला नको. गावोगाव बैठका व्हायच्या आणि आरोग्याच्या ताई सांगायच्या की आसपास लक्ष ठेवा. कोणी एकटा बसत असेल, स्वतःच्याच वस्तू तोडत-फोडत असेल, तर आम्हाला कळवा. संध्याकाळच्या आत ताई माझ्या पायरीवर वही घेऊन हजर.

"मिस्त्री, जेवण जाते ना बरोबर? झोप लागते?"

"लागते."

"मनात काही येते काय?"

"येते ना. तुमी सगळे इथून जावं असं येते."

तिने वहीत 'चिडचिड' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीने माझ्यावर पाळ्या लावल्या. एक उठला की दुसरा येऊन बसायचा. कोणी माझा थिनरचा डबा घरी नेला, कोणी पत्ती, कोणी सुतळीचं बंडल. थिनर लागलं की मी चार घरं सोडून मागायला जायचो आणि ते वाटीत मोजकं ओतून सोबत माणूस पाठवायचे. मी आधी समजावलं, मग ओरडलो. ओरडलो तर पाळीला एकाऐवजी दोघं बसू लागले. बायको पहिल्या दिवशी पोट धरून हसली. तिसऱ्या दिवशी तिने घरातली सुरी लपवली आणि लागोपाठ चार दिवस मटणाचा दालचा केला. मी ठीक आहे हे तिला पटवायचं मी दालचा चालू होता तोवर लांबणीवर टाकलं, हे कबूल करतो.

काम मात्र रखडत होतं आणि दिवस पळत होते. एवढ्या डोळ्यांसमोर चेन चालवायची म्हणजे हात जड होतो. मला फक्त एकट्याला सोडा, एवढंच माझं म्हणणं होतं.

या राखणदारांत एक जिनिंगचा फिटर होता. साठीकडे झुकलेला, जिनिंगला कुलूप लागल्यापासून घरीच. पाळी कोणाचीही असो, तो सकाळी यायचा, रंगाच्या उलट्या डब्यावर बसायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाकीचे निदान चहा तरी मागायचे. एक दिवस मी टेबलाचा उजवा कोपरा खरवडत होतो, तर तो म्हणाला, "तिथचा नव्हता गेलेला."

"काय?"

"रंग. त्या कोपऱ्याचा नव्हता गेलता. मुनीमजी डावखुरे होते. डाव्या कोपऱ्याचा गेलता."

माझं डोकं फिरलं. "फिटरभाऊ, त्या पुण्याच्या बाईले काय माहीत मुनीमजी डावखुरे होते?"

"तिले नाई माहीत. मले माहीत हाय ना."

आणि तो उठून टेबलाजवळ आला. इथे चहाचा ग्लास ठेवत, म्हणून इथे गोल. कापसाच्या गाड्या आणणारे या काठावर हात टेकून आपला नंबर यायची वाट बघत, म्हणून हा पूर्ण काठ उघडा पडलेला. बाकड्याच्या या टोकाला कोणी बसत नसे कारण वरून पंख्याचं तेल पडायचं, तर तिथला रंग शाबूत ठेवा. मी तीस वर्षं घासून पुसून टाकली होती आणि हा माणूस ती मला बोटाने दाखवत होता. मी चुकीच्या जागी एक पोपडा काढला तर त्याने मला तिथे परत रंग मारायला लावलं! गावातल्या सगळ्यात चांगल्या पेंटरला एक फिटर रंग शिकवतोय. पण खरं सांगतो, त्याने सांगितलेल्या जागा खरवडल्या की टेबल बरोबर दिसायचं आणि मी माझ्या मनाने खरवडल्या की मांजराने ओरबाडल्यासारखं.

शेवटी तो म्हणाला, "मधात एक खड्डा होता. माह्या हातून पाना पडलता. मुनीमजी आठ दिवस बोलले नाई माह्यासंग." दुसऱ्या दिवशी तो घरून तोच पाना घेऊन आला. टेबलावर हात उंच धरला आणि सोडला. धाडकन. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि खूप हसला तो.

बाई ट्रक घेऊन आली. टेबलावरून हात फिरवत म्हणाली, "किती खरं वाटतंय हो! आधीच्यापेक्षाही खरं." मग मधल्या खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा एवढा मात्र जरा बनावट वाटतो." मी फिटरभाऊंकडे बघायचं टाळलं. माल चढला, ट्रक गेला, पुढच्या कामाचा शब्दही मिळाला. साडूला मी स्वतः फोन करून सांगितलं की तुझा फवारा तुलाच लखलाभ. गल्लीने थिनर, पत्ती, सुतळी परत आणून दिली. ताईंनी वहीतून माझं नाव खोडलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तर पायरीवर कोणी नाही. काय सुख! पाय पसरून बसलो. तेवढ्यात फिटरभाऊ आले आणि आपल्या डब्यावर बसले.

"फिटरभाऊ, झालं ना आता. माल गेला. तुमची पाळी सुटली."

"माही पाळी नव्हतीच," ते म्हणाले. "यादीत माह्यं नाव कोणी टाकलं नव्हतं."

"मग रोज कायले येत होते?"

ते समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "दिवसा घरी कोणी नसते, मिस्त्री. मी काही फोडत नव्हतो ना. म्हणून माह्याकडं कोणी आलं नाई."

मला रागच आला. त्यांचा नाही, माझा, आणि ताईंच्या वहीचा, आणि जगाचा. इतके दिवस माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं की जेवण जातं का. मी उठलो, दुकानामागे घर, तिथे गेलो आणि बायकोला म्हटलं, "अलमारी खाली कर."

तिच्या निकाहच्या वेळची ती अलमारी, मीच रंगवलेली. इतक्या वर्षांत तिच्यावर एक ओरखडा नव्हता. बायकोने माझ्याकडे पाहिलं, दारातून बाहेर डब्यावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि साड्या काढायला लागली. आम्ही दोघांनी अलमारी ओढत बाहेर आणली.

"अजून एक हाय ऑर्डरची," मी म्हटलं. "माह्यानं एकट्यानं होत नाही. सांगा, कुठून सुरू करू?"

ते उठले. अलमारीभोवती एक फेरी मारली आणि कडीच्या वर बोट ठेवलं. "इथून. बाईमाणसाचा हात इथं लागते."

"वहाँ नहीं भाऊ," बायको दारातून म्हणाली. "नीचे. मैं तो नीचे से खींचती."

त्यांनी बोट खाली सरकवलं. मी चेन त्यांच्या हातात दिली.