आईचा मंगळवार

आमच्या घरात दुपारी आडवं होणं म्हणजे आजारी असणं. दुसरं कारण चालतच नाही. बाबा रेल्वेत होते, आणि क्वार्टरात आम्ही भावंडं नुसती बसलेली दिसलो की आई दारातूनच ओरडायची, "बसली काहून? पुस्तक घे हातात, नाही तं तांदूळ निवड!" आपल्याले बसून खायाले कोणी ठेवलं नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. त्याच तालमीत मी वाढले. त्यामुळे आता सत्तरी ओलांडलेली तीच आई माझ्या रायपुरातल्या शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये दिवाणावर लवंडली, की मी बीपीचं मशीन घेऊन हजर.

"काय होऊन राहिलं तुले?"

"काही नाही वं. पडली जराशी."

"उगाच कोणी पडते का? हात दे इकडं."

तेवढ्यात माझा पोरगा खोलीतून विचारणार, "नानी को क्या हुआ?" त्याला मराठी सगळी समजते, पण तोंडातून हिंदीच येते. एवढी चौकशी झाली की आई उठायची आणि मेथीची जुडी घेऊन बसायची. तिच्या अंगाला आराम मानवत नाही, असं मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे.

अशी ही बाई गेल्या हिवाळ्यात अचानक दर मंगळवारी बाहेर जायला लागली. दुपारी जेवण झालं की पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. "विहारात जाऊन येतो. बायकांचं वाचन राहते." मला बरंच वाटलं. बाबा गेल्यापासून ती घरातच कोंडल्यासारखी झाली होती. मी जेवायला ऑफिसातून घरी यायचे, तिला ऑटोत बसवून द्यायचे आणि परत जायचे. संध्याकाळी बघावं तर चेहरा असा ताजा, जसा कोणी धुऊन इस्त्री करून दिला.

मग एका रविवारी मी स्वतः विहारात गेले, तर वंदना झाल्यावर एका मावशीने हात धरला. "आई बऱ्या हायेत ना? कितीक दिवस झाले, दिसल्याच नाही."

"मंगळवारी येते ना ती. वाचनाले."

मावशीने माझा हात सोडला. "मंगळवारी तं कुलूप राहते बाई."

माझे कान टवकारले गेले. आईने आयुष्यात आम्हाला खोटं बोलू दिलं नाही. भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेली मिरचीसुद्धा परत करायला लावायची. ती खोटं बोलत होती म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो. मी नजर ठेवली. पुढच्या मंगळवारी ती आली तेव्हा पदराला लाल धागा चिकटलेला. त्याच्या पुढच्या वेळी पिवळा आणि लाल, दोन्ही. मी काहीच न दाखवता ते काढले आणि मुठीत धरून स्वयंपाकघरात गेले. मंगळवार, लाल धागा, खोटं बोलून बाहेर जाणं. आता यात समजायचं काय राहिलं? आमच्याकडे आजोबांच्या काळात देव घराबाहेर गेले, ते परत आले नाहीत. बाबांनी मनगटाला कधी धागा बांधू दिला नाही, आणि त्यावर त्यांच्यापेक्षा आईच जास्त कडक. शाळेत कोणी बांधलाच तर कात्रीने कापायची. तीच आई म्हातारपणी देवळात जाऊन बसते की काय? कोणी भरीस घातलं? कोणत्या बाबा-महाराजाच्या नादी लागली? मन चिंती ते वैरी न चिंती. ऑफिसात बसून मी फायलींवर सह्या करत होते आणि डोळ्यांपुढे आई घंटा वाजवत होती.

एकदा ऑटोत चढताना तिच्या पिशवीत टण्ण वाजलं.

"काय हाय त्याच्यात?"

"पाण्याची बाटली."

घरात बाटल्या सगळ्या प्लास्टिकच्या. प्लास्टिक टण्ण वाजतं का कधी?

त्या मंगळवारी मी अर्धी सुट्टी टाकली, स्कार्फ बांधला आणि स्कूटीने ऑटोच्या मागे निघाले. पन्नाशीची बाई, स्वतःच्या आईचा पाठलाग करते आहे! कोणी ओळखीचं भेटलं असतं तर काय सांगितलं असतं, देव जाणे. बघा, देव तोंडी येतोच. ऑटो ब्राह्मणपाऱ्याकडे वळला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. रायपुरात इतके पारे, इतके मोहल्ले, हिला हाच सापडला? गल्लीच्या तोंडाशी आई उतरली. देऊळ समोरच. मी मोटारसायकलींच्या आड उभी. ती देवळापाशी आली, आणि वळलीच नाही. सरळ पुढे गेली. मी इतका मोठा सुस्कारा सोडला की बाजूचा केळीवाला माझ्याकडे बघायला लागला.

देवळापुढे दोन घरं सोडून एक चिंचोळं दुकान होतं, साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं. आत भिंतभर रंगीत रिळं. मशीनवर एक साठीची बाई, चष्मा नाकावर, कपाळाला ठसठशीत कुंकू. आई आत गेली तसं तिने साड्यांचा ढीग सरकवून बाकावर जागा केली. लाल धागा, पिवळा धागा. हात्तिच्या! मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात त्या बाईने मागच्या शेगडीवरून चहा आणला.

स्वतःला कपात. कान असलेला, फुलांचा कप. आईला स्टीलच्या गिलासात.

माझं हसू जागच्या जागी सुकलं. हे बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून सांगते. मी चौथीत असताना वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी खेळायला जायचे. तिच्या घरी सगळे पितळी पेल्यातून पाणी प्यायचे, आणि माझ्यासाठी खिडकीत एक वेगळा स्टीलचा गिलास उपडा ठेवलेला असायचा. मला वाटायचं, वा, माझ्यासाठी खास! घरी येऊन आईला फुशारकीने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आईने मला तिथे पाठवलं नाही. त्या गिलासाचा अर्थ मला फार नंतर कळला, आणि कळला तो कायमचा. तेव्हापासून कुणाच्याही घरी चहा आला की मी आधी बाकीच्यांचे कप बघते, मग माझा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून पिते.

आणि आता माझी आई, सत्तरी ओलांडलेली, कुठल्याशा बाईच्या दुकानात वेगळ्या गिलासात चहा घेत होती, आणि त्यासाठी माझ्याशी खोटं बोलत होती!

मी रस्ता कसा ओलांडला, मला आठवत नाही. दुकानात पोचेपर्यंत आईने गिलास खाली ठेवून डोळे मिटले होते. डोकं भिंतीला, तोंड थोडं उघडं. मशीन खडखड चालू होतं. साडी घ्यायला आलेल्या दोन मुली उभ्या होत्या. मी तो गिलास उचलला आणि त्या बाईच्या मशीनवर आपटला.

"माह्या आईले वेगळा गिलास काहून?"

मशीन थांबलं. त्या मुलींना मराठी कळली नसेल, पण आवाज कळला. बाई उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, सापडली ना!

"तुमचा कप बाटते का? बोला ना आता!"

आई जागी झाली होती. "ठेव तो गिलास," ती एवढंच म्हणाली. तो आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी गिलास ठेवला. तिने पिशवी उचलली, त्या बाईकडे न बघता बाहेर आली आणि माझ्या स्कूटीवर बसली. रस्ताभर तिचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. मागचा दांडा धरून बसली होती.

घरी आल्यावर मीच सुरू झाले. काहून गेली, काहून खोटं बोलली, बाबांना काय वाटलं असतं. ती दिवाणाच्या कडेला बसून ऐकत होती. माझा दम संपल्यावर बोलली.

"साडीले फॉल लावाले गेली होती. ते बाई म्हणे, बसा ताई, आत्ता देतो. तिचं मशीन चालू होतं, अन् मले झोप लागली. आपल्या क्वार्टरामागून मालगाडी जाय ना, तशी खडखड. तुह्या या फ्लॅटात इतकं चूप राहते, मले रातभर डोळा लागत नाही. दुपारी पडली तं तू मशीन घेऊन येतं. तिनं मले उठवलंच नाही. साडी घडी करून मांडीवर ठेवली, अन् उठल्यावर चहा दिला. काही विचारलं नाही. कुठच्या, कोणाच्या, काहीच नाही."

"म्हणून वेगळ्या गिलासात..."

"तो गिलास मी नेला होता घरून."

"घरून?"

"तुह्या बाबाचा हाय तो. तू चहाचे मग आणले अन् माळ्यावर टाकले ना सारे गिलास, त्यातला. नाव घातलं हाय त्याच्यावर, आडनावासंग. पहिल्या दिवशी तिनं कपात चहा दिला, मी घेतला. घरी येऊन विचार केला, हिले मालूम नसंल, म्हणून देऊन राहिली असंल. दुसऱ्या बारीले मी तो गिलास नेला, अन् नावाची बाजू तिच्याकडं करून ठेवला. म्हटलं, वाच बाई. वाचून जे कराचं ते कर."

"मग?"

"वाचलं तिनं. चष्मा वर करून वाचलं. मंग त्याच्यात चहा ओतला, अन् म्हणे, हा मोठा हाय ताई, यात बरा मावते. तेव्हापासून तिच्या कपासंगच धुते ते. एकाच बादलीत. तुले वाटते, मले कळत नाही? मी तुह्या आधी जन्मली. तू हातात धरला अन् वाचला नाही. तिनं पहिल्याच नजरेत वाचला."

मी विचारलं, "मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू पहिले तिचं आडनाव विचारलं असतं."

ते खरं होतं. आजही मी असतेच तशी, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. मला ज्यांनी तसं केलं त्यांना वाटावी. पण ही बाई त्यांच्यातली नव्हती, आणि त्यांचा हिशेब मी तिच्या मशीनवर आपटून आले होते.

पुढचा मंगळवार आला. आईने जेवण केलं, भांडी विसळली आणि दिवाणावर बसली. पिशवी खुंटीला. "जात नाही?" मी विचारलं. "कोणत्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली. मी बीपीचं मशीन कपाटात कोंबलं, पंखा मोठा केला, दार लोटून घेतलं. फटीतून बघितलं तर ती उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होती. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. चेहरा पुन्हा जुना झाला. रागाने बोलली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी मी एक साडी घेतली, जिला फॉल आधीच लावलेला होता, आणि ऑफिसातून थेट त्या दुकानात गेले. बाईने मला ओळखलं. मशीन थांबवलं नाही.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मले वाटलं..."

"काय वाटलं ते समजलं मले," ती मान वर न करता म्हणाली. "वाटणारच. तुमचं चुकलं नाही म्हणत मी. पण माह्या दुकानात गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवलं तुम्ही." मग मशीन थांबलं. "ताई कशा हायेत?"

"झोपत नाही."

तिच्या मागच्या फळीवर तो फुलांचा कप उपडा होता, आणि त्याला लागून बाबांचा गिलास. त्या दिवशीच्या घाईत तो तिथेच राहिला होता. नावाची बाजू बाहेर. इतक्या वर्षांनी मी ते नाव नीट वाचलं. माझा हात आपोआप पुढे गेला.

बाईने गिलासावर हात ठेवला. "हा नाही भेटणार तुम्हाले. ज्यायचा हाय त्यायले पाठवा."

घरी जाऊन मी आईला ते जसंच्या तसं सांगितलं. ती हसली नाही, पण "अवं माय, गिलास तिथंच राहिला का!" असं दोनदा म्हणाली, जसं तिला माहीतच नव्हतं.

मंगळवारी मी तिला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. "आत येऊ का?"

"नको. तू जा."

"घ्यायले कधी येऊ?"

"येतो मी ऑटोनं. जा ना वं!"

मी गेले नाही. सवय अशी एका फटक्यात जात नाही. केळीवाल्याच्या आडोशाने उभी राहिले. म्हटलं, चहा कशात ओतते तेवढं बघते आणि जाते. बाईने मशीन न थांबवता साड्यांचा ढीग सरकवला. आई बसली. दोघी काही बोलल्या, मला ऐकू आलं नाही. चहा यायचाच होता, तेवढ्यात आईचं डोकं भिंतीला टेकलं आणि तोंड थोडं उघडं पडलं. बाई चहा घेऊन आली, तिच्याकडे बघितलं, गिलास फळीवर झाकून ठेवला आणि परत मशीनवर बसली.

अशी निजलेली आई मी माझ्या घरात एकदाही बघितलेली नाही. जिला त्या खडखडाटात झोप लागते, तिला माझ्या स्कूटीने काय होणार होतं? तरी मी ती सुरू केली नाही. कोपऱ्यापर्यंत ढकलतच नेली.